यादवी संपल्यावर देश उभा करताना : मदतीचा पैसा कोणत्या वाटेनं जातो

प्रश्न असा आहे : यादवी युद्ध थांबलं की देणगीदार देशांची परिषद भरते, अब्जावधी डॉलर जाहीर होतात. ते पैसे जातात कुठे, कामं कोणत्या क्रमानं होतात, आणि एवढं करूनही काही देश सावरत का नाहीत?

आधी त्या आकड्याबद्दल. परिषदेत जाहीर होतो तो फक्त दिलेला शब्द. त्यानंतर देणाऱ्या देशाची संसद किंवा अर्थखातं मंजुरी देतं, मग करार होतो, मग हप्ता सुटतो आणि शेवटी तो खर्ची पडतो. जाहीर, मंजूर, वितरित, खर्च या चार पायऱ्या चढेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. शिवाय जाहीर रकमेत बऱ्याचदा आधीच दिलेले पैसे पुन्हा मोजलेले असतात, कर्जमाफी धरलेली असते, देणाऱ्याच देशातल्या सल्लागारांची फी धरलेली असते. म्हणून बातमीतला आकडा बाजूला ठेवून दोनच गोष्टी विचाराव्यात : पहिल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती रक्कम सुटली, आणि त्यातली किती त्या देशाच्या स्वतःच्या खजिन्यातून गेली. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. मदत किती आली यापेक्षा ती कोणत्या वाटेनं गेली यावर पुढची दहा वर्षं ठरतात, असं माझं ठाम मत आहे. हे सगळं उत्तर त्याच धाग्यावर आहे.

पैशाच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली, थेट अंदाजपत्रकाला मदत : पैसा सरकारच्या खात्यात, खर्च सरकारच्या नियमांनी. दुसरी, अनेक देणगीदारांचा एकत्र निधी, ज्याला ट्रस्ट फंड म्हणतात. तो बहुधा जागतिक बँक किंवा संयुक्त राष्ट्रांची एखादी संस्था सांभाळते. तिसरी, प्रकल्प : देणगीदार थेट एखाद्या स्वयंसेवी संस्थेला किंवा ठेकेदाराला पैसे देतो आणि सरकारला फार तर एक पत्र येतं. युद्ध संपलेल्या देशात सुरुवातीला बहुतेक पैसा तिसऱ्या वाटेनं जातो. कारण उघड आहे : सरकारकडे हिशेबनीस नाहीत, बँका बंद आहेत, चोरीची भीती आहे. पण ही वाट सवयीची झाली की गावातला दवाखाना कोणी बांधला याचं उत्तर लोकांना एखाद्या परदेशी संस्थेच्या पाटीवर मिळतं. आपलं सरकार मात्र त्यांना फक्त तपासणीनाक्यावर भेटतं.

लायबेरियाचं उदाहरण घ्या. २००५-०६ मध्ये तिथल्या सरकारचं वर्षाचं अंदाजपत्रक सुमारे ८ कोटी डॉलरचं होतं. त्याच देशात तैनात असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा वार्षिक खर्च ७० कोटी डॉलरहून अधिक होता. शांतिसेना अनाठायी होती असा याचा अर्थ नव्हे. १५,००० सैनिकांपर्यंतची मंजुरी असलेली ती सेना आली नसती तर राजधानी मन्रोव्हियात सरकार बसलंच नसतं. पण रस्ता, वीज, हेलिकॉप्टर, पगार हे सगळं ज्याच्या हातात आहे तोच खरा कारभारी, असं लोक धरून चालतात.

वेळेचंही तसंच. पॉल कॉलियर आणि आंके होफ्लर या अर्थतज्ज्ञांनी युद्धोत्तर देशांतल्या मदतीचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की पहिल्या तीन वर्षांत अशा देशाची मदत पचवण्याची ताकद इतर गरीब देशांपेक्षा जास्त नसते. त्या दशकाच्या उरलेल्या वर्षांत मात्र ती साधारण दुपटीवर जाते. प्रत्यक्षात पैशाचा ओघ बरोबर उलटा असतो. कॅमेरे आहेत तोवर लोंढा, आणि चौथ्या वर्षी, जेव्हा निविदा काढता येणारा अभियंता आणि ताळेबंद लावणारा कारकून तयार झालेला असतो, तेव्हा देणगीदारांचं लक्ष दुसऱ्या युद्धाकडे गेलेलं असतं. म्हणून ट्रस्ट फंड आखताना पहिल्या दिवसापासून सात-आठ वर्षांचं वेळापत्रक लिहून घ्यावं. पहिल्या दोन वर्षांत ज्याचा दम आहे तेवढंच हाती घ्यावं : पगार, शस्त्रं, बी-बियाणं, लसीकरण, मुख्य रस्ते आणि बंदर.

आता शस्त्रं. सैनिकांना निःशस्त्र करणं, तुकड्या मोडणं आणि त्यांना नागरी आयुष्यात बसवणं, या कामाला त्या क्षेत्रात सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून डीडीआर म्हणतात. इथं चुका सर्वांत लवकर आणि सर्वांत महाग पडतात.

लायबेरियात ७ डिसेंबर २००३ ला मन्रोव्हियाजवळच्या शीफेलिन छावणीत शस्त्रं जमा करायला सुरुवात झाली. त्या वेळी ठरलेल्या शांतिसेनेपैकी बरीच यायची होती, छावण्या अपुऱ्या होत्या आणि हातात पैसे कधी पडणार हे लढवय्यांना नीट सांगितलेलं नव्हतं. अपेक्षेच्या कितीतरी पट लोक दारात उभे राहिले. पैसे लगेच मिळणार नाहीत हे कळल्यावर शहरात गोळीबार आणि दंगल झाली. घाईघाईनं आगाऊ रक्कम वाटावी लागली आणि दहा-बारा दिवसांत काम थांबवावं लागलं. ते पुन्हा सुरू झालं एप्रिल २००४ मध्ये. नियम असा होता की एक बंदूक किंवा १५० गोळ्या आणून दिल्या की नाव नोंदलं जाई, आणि नाव नोंदलं की दोन हप्त्यांत मिळून ३०० डॉलर. आखणी सुमारे ३८,००० लढवय्यांची होती. शेवटी नोंदणी एक लाखाच्या वर गेली. जमा झालेल्या बंदुका मात्र सुमारे २८,०००. गोळ्यांची अट इतकी सैल होती की सेनानायकांनी आपल्या नातेवाइकांत गोळ्या वाटल्या आणि मिळालेल्या पैशात वाटा घेतला. दुसरी बाजूही आहे. ही अट फक्त 'माणशी एक बंदूक' अशी कडक ठेवली असती तर ओझी वाहणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, पळवून आणलेल्या बायका आणि मुलं सगळीच बाहेर राहिली असती. लायबेरियाच्या यादीत २२,००० वर स्त्रिया आल्या त्या याच सैलपणामुळे. म्हणून दोन याद्या वेगळ्या कराव्यात : लढणाऱ्यांची, शस्त्राच्या अटीसह, आणि फौजेबरोबर असणाऱ्यांची, शस्त्राची अट न लावता, वेगळ्या मुलाखतीनं आणि वेगळ्या दारानं. मुलांना रोख रक्कम देऊ नये. ती संध्याकाळपर्यंत त्यांच्या कमांडरच्या खिशात असते.

छावणी उघडण्यापूर्वी हे तयार हवं : दोन्ही बाजूंनी सह्या केलेल्या नावांच्या याद्या, दिवसाला किती जणांची नोंद होऊ शकते याचा प्रामाणिक आकडा, त्याच्या किमान दुप्पट लोकांचं अन्न-पाणी, पैसे देण्याची तारीख स्थानिक भाषेत रेडिओवर वारंवार सांगितलेली, आणि जमा शस्त्रं त्याच दिवशी निकामी करण्याची सोय. यातलं एक नसेल तर तारीख पुढे ढकलावी. राजकीय नेते तारखेसाठी घाई करतात. तिथं तज्ज्ञानं नाही म्हणायला शिकावं.

मोझांबिकनं वेगळी वाट धरली. ऑक्टोबर १९९२ मध्ये रोमला शांतता करार झाला, ९० हजारांवर सैनिक घरी पाठवायचे होते. सरकारनं सहा महिन्यांचा पगार दिला आणि देणगीदारांनी पुढचे अठरा महिने तसाच भत्ता चालू ठेवला. तो भत्ता छावणीत दिला जात नव्हता. माणूस ज्या जिल्ह्यात राहायला जाणार असं सांगे तिथल्या बँकेतून तो हप्त्याहप्त्यानं मिळे. यानं दोन गोष्टी साधल्या : तुकड्या पांगल्या, आणि दोन वर्षं घरात रोख येत राहिल्यानं गावानं त्यांना ओझं मानलं नाही. प्रशिक्षण, सुतारकाम, शिवणकाम या गोष्टी त्यामानानं किरकोळ ठरल्या. बाजारच नसलेल्या गावात पन्नास सुतार तयार करून काय होणार? त्याच सुमारास बंडखोर रेनामोला राजकीय पक्ष म्हणून उभं राहता यावं यासाठी मुख्यतः इटलीच्या पुढाकारानं एक वेगळा निधी उभारला गेला. कार्यालयं, घरं, गाड्या असा खर्च. अनेकांना हे लाच दिल्यासारखं वाटतं. मला ते पटत नाही. जंगलात सोळा वर्षं काढलेल्या संघटनेला शहरात बसायला जागाच नसेल तर ती परत जंगलातच जाईल.

नेपाळनं आणखी एक युक्ती दाखवली, आणि ती बारकाईनं पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर २००६ च्या करारानंतर माओवादी सैनिक सात मुख्य छावण्यांत आणि त्यांच्या २१ उपछावण्यांत राहिले. शस्त्रं कोणी कोणाला दिली नाहीत. प्रत्येक शस्त्राची नोंद करून ती लोखंडी कंटेनरमध्ये बंद केली गेली; कुलपाची किल्ली माओवाद्यांकडेच, पण भोंगा, नोंदवही आणि चोवीस तासांची पाळत संयुक्त राष्ट्रांची. तेवढीच शस्त्रं नेपाळी सैन्यानंही आपल्या बराकीत अशीच बंद केली. 'आम्ही शरण आलो नाही' एवढं म्हणण्याची सोय दोन्ही बाजूंना मिळाली. पडताळणीत १९,६०२ सैनिक पात्र ठरले. नोंदणीला त्याहून कितीतरी जास्त, ३२ हजारांवर आले होते. घोडं अडलं ते पुढे : सैन्यात किती घ्यायचे यावर पक्षांचं एकमत होईना आणि माणसं पाच वर्षं छावणीत बसून राहिली. अखेर २०१२ मध्ये सुमारे १,४०० जण सैन्यात गेले आणि बहुतेकांनी ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन निवृत्ती पत्करली. कंटेनर शांतता सांभाळतो, पण तो उघडायचा कधी हे करारातच लिहिलेलं असावं.

शस्त्रांइतकाच महत्त्वाचा विषय पगारपत्रकाचा. त्याबद्दल फारच थोडं लिहिलं जातं. यादवीनंतरच्या सैन्यात आणि पोलिसांत बोगस नावं असतात, कारण पगाराची रक्कम वरून खाली कमांडरच्या हातून वाटली जाते. जितकी नावं तितके त्याचे पैसे. काँगोत युरोपीय संघाचं एक पथक २००५ पासून याच कामावर होतं. कागदावर ३ लाखांहून अधिक सैनिक दाखवले होते. माणूस समोर उभा करून, बोटांचे ठसे घेऊन मोजणी केली तेव्हा निम्म्याहूनही कमी निघाले. उपाय दिसायला साधा होता : हुकमाची साखळी आणि पगाराची साखळी वेगळी करणं. कमांडर फक्त हजेरी प्रमाणित करेल, पैसे मात्र दुसऱ्याच अधिकाऱ्यांकडून सैनिकाच्या हातात पडतील. ज्या महिन्यात हे सुरू होतं त्या महिन्यात तीन गोष्टी बिघडतात, त्यांची तयारी ठेवावी. कमांडरचं उत्पन्न बुडतं आणि तो कुरबुर करतो. दूरच्या तळावर रोख पोचत नाही आणि सैनिक लोकांकडून वसुली करतो. आणि खरे सैनिक, ज्यांच्या ठशात किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक झाली, ते यादीतून गळतात. तिसऱ्यासाठी तक्रारीची खिडकी त्याच तळावर, पगाराच्याच दिवशी हवी. राजधानीत अर्ज करा असं सांगणं म्हणजे बंडाला आमंत्रण.

सरकारी तिजोरीवर बाहेरच्यांचा हात असावा का, हा नाजूक प्रश्न. लायबेरियात २००५ च्या सप्टेंबरमध्ये हंगामी सरकारला एका कार्यक्रमावर सही करावी लागली. त्याचं इंग्रजी आद्याक्षरी नाव जेमॅप. बंदर, विमानतळ, तेलशुद्धीकरण कंपनी, वनखातं अशा जिथं खरा पैसा येतो त्या संस्थांत परदेशी नियंत्रक बसवले आणि त्यांची दुसरी सही असल्याशिवाय खर्चाचा धनादेश वटत नसे. मध्यवर्ती बँकेतही तशीच व्यवस्था. सार्वभौमत्वाचा अपमान म्हणून त्यावर टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण त्या संस्थांचा पैसा खासगी खिशांत जात होता आणि युद्ध याच पैशावर चाललं होतं. लाकडावर आणि हिऱ्यांवर संयुक्त राष्ट्रांची बंदी होती ती त्यासाठीच. एलेन जॉन्सन सरलीफ जानेवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांनी हा कार्यक्रम झटकला नाही, आपल्या सुधारणांसाठी वापरून घेतला. म्हणून तो टिकला.

दुहेरी सहीची पद्धत वापरायची असेल तर तिच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. परदेशी नियंत्रक सही थांबवू शकतो, पण त्याच्या टेबलापर्यंत न येणारा व्यवहार त्याला दिसत नाही. उधारीवर घेतलेला माल, मंजुरीशिवाय दिलेला ठेका हे महिन्यांनी उघड होतं. त्यामुळे फक्त धनादेशावर पहारा पुरत नाही. खरेदीचा आदेश निघतानाच रक्कम शिल्लक आहे का हे तपासण्याची सक्ती हवी. आणि प्रत्येक नियंत्रकाच्या शेजारच्या खुर्चीवर त्याचा स्थानिक उत्तराधिकारी पहिल्या दिवसापासून बसलेला हवा, नावानिशी, ताबा घेण्याच्या तारखेसह. हे झालं नाही तर नियंत्रक गेल्यावर त्याची सही तेवढी जाते आणि खुर्ची जुन्यांच्या हाती येते.

स्थानिक माणसं टिकवणं हीच सर्वांत मोठी अडचण. परदेशी संस्था दुभाषी, ड्रायव्हर, संगणकचालक यांना जो पगार देतात तो सरकारी शिक्षकाच्या कितीतरी पट असतो. निकाल एकच : गणिताचा शिक्षक जीप चालवतो, शल्यविशारद अहवालांचं भाषांतर करतो. कंबोडियात १९९२-९३ मध्ये सुमारे १.६ अब्ज डॉलरची संयुक्त राष्ट्रांची मोहीम उतरली तेव्हा राजधानीतली घरभाडी भडकली आणि डॉलर हेच व्यवहाराचं चलन बनलं. रियेल या देशी चलनाला त्यातून पुढे कित्येक वर्षं नीट डोकं वर काढता आलं नाही. यावर पूर्ण उपाय नाही, पण काही बंधनं घालता येतात. सगळ्या संस्थांनी मिळून स्थानिक पगाराची एक कमाल मर्यादा मान्य करावी. सरकारी नोकरी सोडून आलेल्या माणसाला ठरावीक मुदतीत घेऊ नये. सरकारी पगारावर वरकड रक्कम द्यायचीच असेल तर ती खात्याच्या नेहमीच्या पगारपत्रकातून, सगळ्यांना कळेल अशी आणि दरवर्षी कमी होणारी असावी. अफगाणिस्तानात हे झालं नाही. देणगीदारांच्या पगारावर चालणारी एक समांतर नोकरशाहीच तयार झाली, आणि शेवटच्या वर्षांत सरकारी खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश वाटा परदेशी अनुदानातून येत होता. २०२१ मध्ये ते थांबलं तेव्हा शिक्षक, परिचारिका यांचे पगार एकाच महिन्यात अडकले.

थकबाकीचा विषय कंटाळवाणा वाटतो, पण त्यावर सगळं अडतं. युद्धाच्या काळात देशानं जागतिक बँकेचे, नाणेनिधीचे हप्ते भरलेले नसतात. आणि थकबाकी असेपर्यंत या संस्था नवं कर्ज किंवा नेहमीचं अनुदान देऊ शकत नाहीत. मग अल्पमुदतीच्या कर्जाचा पूल बांधतात. सोमालियासाठी २०२० मध्ये नॉर्वेनं असं कर्ज दिलं; त्यातून जागतिक बँकेची थकबाकी भरली, बँकेनं नवं अनुदान मंजूर केलं आणि त्यातून नॉर्वेचे पैसे परत गेले. कागदावर पैसा गोल फिरला, दार मात्र उघडलं. त्यानंतर कर्जमाफीचे दोन टप्पे असतात, निर्णयाचा (देश माफीला पात्र ठरतो तो) आणि पूर्ततेचा (माफी पक्की होते तो), आणि मधल्या काळात सुधारणांची यादी पुरी करावी लागते. लायबेरियाला थकबाकी भरण्यापासून जून २०१० च्या पूर्ततेपर्यंत सुमारे अडीच वर्षं लागली. सोमालियाला निर्णयापासून पूर्ततेपर्यंत मार्च २०२० ते डिसेंबर २०२३. या यादीत काय घालायचं यावर खूप भांडावं. एल साल्वादोरमध्ये १९९२ च्या शांतता करारानं नवं नागरी पोलीसदल उभारायचं आणि माजी लढवय्यांना जमीन द्यायची असं ठरलं, आणि त्याच वेळी खर्च आटोक्यात ठेवण्याच्या आर्थिक अटीही चालू होत्या. शांततेचं बिल एका खोलीत ठरलं आणि तुटीची मर्यादा दुसऱ्या खोलीत. करारावर सह्या होण्याआधी त्याची किंमत काढून अर्थखात्याच्या माणसाला तिथं बसवलं पाहिजे.

गावपातळीवर सर्वांत समाधानकारक काम दिसतं. अफगाणिस्तानात २००३ पासून राष्ट्रीय एकता कार्यक्रमात दर कुटुंबामागे २०० डॉलर, गावाला जास्तीत जास्त ६०,००० डॉलर असं ठोक अनुदान होतं. क्रम असा : एक संस्था गावात येते, गाव घरांच्या गटांत वाटलं जातं, प्रत्येक गट गुप्त मतदानानं प्रतिनिधी निवडतो, त्यांची परिषद गावात बसून कामं ठरवते, गाव किमान दहा टक्के वाटा श्रमानं किंवा पैशानं घालतं, मग हप्ता येतो. जिथं बँक नव्हती तिथं हवालावाल्यांकडून पैसे पोचवले गेले. विहीर, पाट, छोटी जलविद्युत योजना अशी कामं बऱ्यापैकी झाली. कमजोर दुवा होता तो गाव आणि काबूल यांच्या मधला : जिल्ह्याला ना पैसा, ना अधिकार, ना निवडून आलेलं मंडळ. विहिरीचा पंप बिघडला की दुरुस्तीला कोणाकडे जायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. असा कार्यक्रम आखताना तिसऱ्या वर्षाच्या दुरुस्ती-खर्चाची ओळ पहिल्याच करारात लिहावी.

पैसा वाटेत कुठं गळतो हे शोधायची एक सोपी, स्वस्त रीत युगांडानं जगाला दाखवली. १९९१ ते १९९५ या काळात शाळांना पगाराखेरीज जे दरडोई अनुदान राजधानीतून निघत होतं त्यातलं शाळेच्या हाती सरासरी १३ टक्केच पडत होतं. हे कळलं ते शाळाशाळांत जाऊन वह्या तपासल्यावर. सरकारी हिशेबात सगळं ठाकठीक होतं. त्यानंतर जिल्ह्याला किती रक्कम सोडली हे वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या दारावर लावायला सुरुवात झाली, आणि गळती खूपच कमी झाली. लेखापरीक्षकांची फौज आणण्याआधी हा दारावरचा कागद लावून बघावा.

घरं परत मिळाल्याशिवाय निर्वासित परतत नाहीत, आणि इथं बोस्नियाचा अनुभव सोन्यासारखा आहे. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर पहिली काही वर्षं पैसा विटा-छपरांवर गेला. पण परतणाऱ्याच्या घरात दुसरंच विस्थापित कुटुंब राहत होतं. १९९९ पासून पद्धत बदलली. सगळ्या नगरपालिकांना एकच नियमावली, दोन लाखांवर दावे, निकाल अर्जाच्या तारखेच्या क्रमानं. हा क्रमाचा नियम कळीचा ठरला, कारण त्यानं ओळखीपाळखीला आणि 'आमचे आधी'ला जागाच ठेवली नाही. दुसऱ्याचं घर बळकावून बसलेल्या अधिकाऱ्यांना आधी बाहेर काढलं. अडवणूक करणाऱ्यांना कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीनं थेट पदावरून दूर केलं. दर महिन्याला प्रत्येक नगरपालिकेची टक्केवारी जाहीर होई, त्यामुळे कोण झोपलंय हे साऱ्या देशाला दिसे. २००४ अखेर नव्वद टक्क्यांहून अधिक दावे निकाली निघाले. बऱ्याच जणांनी घर ताब्यात घेऊन विकलं आणि दुसरीकडे वस्ती केली. याला काही जण अपयश म्हणतात. मालकाला मालकी मिळाली, निवड त्याची; मी याला यशच मानतो.

त्याच देशातली गाड्यांच्या नंबरपाटीची गोष्ट तर प्रत्येक योजनाकारानं डोक्यात ठेवावी. युद्धानंतर पाटीवरून गाडी कोणत्या भागातली हे लांबून कळायचं आणि लोक सीमारेषा ओलांडायला घाबरायचे. १९९८ मध्ये नवी पाटी आली : भागाचा उल्लेख नाही, आणि अक्षरं फक्त तीच जी लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसतात. ए, ई, जे, के, एम, ओ, टी एवढीच. पाटीवरून माणूस कोणत्या बाजूचा हे कळेनासं झालं आणि वाहतूक वाढली. खर्च पत्र्याचा.

भूसुरुंगांबद्दल थोडक्यात. हातानं सुरुंग काढणारा माणूस दिवसभरात काही डझन चौरस मीटरच साफ करतो, कारण धातुशोधक यंत्र प्रत्येक खिळ्यावर, प्रत्येक काडतुसाच्या टोपणावर वाजतं आणि प्रत्येक वेळी गुडघ्यावर बसून खणावं लागतं. त्यामुळे पहिलं काम साफसफाईचं नसून वगळण्याचं : गावकऱ्यांशी बोलून, जनावरं कुठं चरतात हे पाहून, संशयित क्षेत्रातला मोठा भाग नकाशातून कमी करणं. मोझांबिक २०१५ मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला, करारानंतर तेवीस वर्षांनी. निधीची मुदत याच मापानं धरावी. निवडणुकांचं एवढंच सांगतो की शस्त्रं जमा होण्याआधी त्या घेऊ नयेत. मोझांबिकनं सैनिक घरी पाठवले आणि मग, ऑक्टोबर १९९४ मध्ये, मतदान घेतलं. तो क्रम बरोबर होता.

शेवटचा टप्पा निघून जाण्याचा. लायबेरियात सुरक्षेची जबाबदारी ३० जून २०१६ ला सरकारकडे आली आणि संयुक्त राष्ट्रांची मोहीम मार्च २०१८ अखेर बंद झाली. म्हणजे ताबा दिल्यावरही पावणेदोन वर्षं ती मागे उभी होती. या काळात एकच कोष्टक पुन्हा पुन्हा भरावं. उभ्या रकान्यात प्रत्येक सेवा : पोलिसांच्या गाड्यांचं डिझेल, तुरुंगातलं जेवण, न्यायाधीशाला खेड्यात नेणारं वाहन, दवाखान्यातल्या शीतपेट्यांची वीज, मतपेट्या नेणारं हेलिकॉप्टर. आडव्या रकान्यात : आज कोण भरतं, वर्षाला किती लागतात, सरकारी अंदाजपत्रकात कोणत्या ओळीत किती धरलेत, आणि गेल्या वर्षी त्यातले प्रत्यक्ष किती सुटले. चौथा रकाना रिकामा असेल तर तिसऱ्यातल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये आणि ती सेवा त्या वर्षी सोडू नये.